अकरावं मत तिसऱ्या मजल्यावर

आमच्या नगरपालिकेत एकवीस सदस्य. सत्ताधारी पक्षाचे दहा, विरोधातले अकरा. तरी नऊ वर्षं राज्य त्या दहांचंच. कारण अकरांमधले सहा जण मास्तरांचे, चार कंडक्टरबाईंचे, आणि मास्तर व कंडक्टरबाई यांच्यातून विस्तव जात नव्हता. भांडण कशावरून, तर एका पुलाच्या कोनशिलेवर कुणाचं नाव वर असावं यावरून. पूल कधीच झाला नाही, पण भांडण मात्र पक्कं बांधलं गेलं.

उरलेला अकरावा माणूस म्हणजे नन्नाकाका. वय ऐंशी, पक्ष कुठलाच नाही. कुठलाही ठराव येवो, यांचा नन्नाचा पाढा ठरलेला, म्हणून गावाने हे नाव ठेवलं.

मी नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात सिस्टर आहे. सव्वीस वर्षं झाली. मला राजकारणात काडीचा रस नव्हता. पण अध्यक्षांनी फर्मान काढलं, की येत्या एक तारखेपासून प्रसूतिगृह बंद, जागा हॉटेलला द्यायची. मग बाळंतिणींनी कुठे जायचं? जिल्ह्याच्या इस्पितळात, बसने दीड तास. अध्यक्ष म्हणाले, ‘रस्ता चांगला आहे.’ कळा सुरू झालेल्या बाईला रस्त्याच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाशी काय बोलायचं! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी मास्तरांकडे गेले, मग कंडक्टरबाईंकडे. दोघांच्याही घरी तीन-तीन नातवंडं जन्मली ती माझ्या हातांवर, म्हणून दोघांनाही मला दारातून घालवता येईना. शेवटी दोघांना प्रसूतिगृहाच्या तपासणी खोलीत समोरासमोर बसवलं आणि दार लावून घेतलं. दीड तासाने करार झाला. अध्यक्षांवर अविश्वास आणायचा, आणि ते गेले की पहिला ठराव प्रसूतिगृह चालू ठेवायचा. दोघांनी मला शब्द दिला. एकमेकांना नाही, मला.

राहिले नन्नाकाका. ते मांडीचं हाड मोडून घरी पडून होते. तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन करून हाडाला स्टीलची पट्टी बसवली होती आणि मी रोज ड्रेसिंगला जायचे. उजव्या पायावर सहा आठवडे भार द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

‘काका, प्रसूतिगृह बांधायला तुम्ही विरोध केला होता,’ मी म्हटलं. ‘आता काय करणार?’

‘तेव्हा बांधायला विरोध केला, आता बंद करायला करतोय,’ ते म्हणाले. ‘माझं काही बदललेलं नाही. मला तिथवर न्यायचं तेवढं तू बघ.’

सभा सकाळी अकराला होती. सभागृह तळमजल्यावर, म्हणून मी निर्धास्त होते. व्हीलचेअर ढकलत पोहोचलो तर दारावर कागद चिकटवलेला. पंख्यांच्या दुरुस्तीमुळे आजची सभा तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर दुसरा कागद, लिफ्ट बंद आहे. घड्याळात अकराला वीस मिनिटं होती. अकराला दार लावायचं आणि उशिरा येणाऱ्याला आत घ्यायचं नाही, हा अध्यक्षांचाच नियम.

‘यांनी आधीच सगळं ठरवलंय,’ कंडक्टरबाई म्हणाल्या.

‘पुढच्या सभेला बघू,’ मास्तर म्हणाले. माणूस भला, पण लगेच काखा वर करणारा.

‘पुढची सभा होईपर्यंत प्रसूतिगृहाला कुलूप लागेल,’ मी म्हणाले. ‘एक तारखेला चार दिवस आहेत. उचला यांना.’

कार्यालयातली हात असलेली एक भक्कम लाकडी खुर्ची आणली. काकांना तिच्यात बसवून पोटाशी चादर बांधली. पुढे मास्तर आणि कंडक्टरबाई, मागे दोघांच्या पक्षातला एकेक सदस्य. पाचव्या पायरीवर मास्तर म्हणाले ‘थांबा’ आणि त्याच क्षणी कंडक्टरबाई म्हणाल्या ‘चला’. खुर्ची कलली. काकांनी मास्तरांचे उरलेसुरले केस घट्ट धरले.

‘तुम्ही उचलता की पाडता?’ काका ओरडले.

‘मी बरोबर सांगत होते, यांनाच ऐकू येत नाही!’

‘नऊ वर्षं तुमचंच ऐकायचं का?’

मी खुर्ची खाली ठेवायला लावली आणि तोंड सोडलं. ‘पेशंट उचलताना एकच माणूस बोलतो. इथे बोलणारी मी. मी म्हणाले की उचलायचं, मी म्हणाले की टेकायचं. मधे ज्याला बोलायचं असेल त्याने खाली राहावं. आणि खुर्ची उलटी फिरवा. चढताना पेशंटची पाठ वरच्या बाजूला असते.’

चौघांनी खुर्ची फिरवली. काकांचं तोंड आता खालच्या बाजूला होतं आणि मागून येणाऱ्या सदस्यांना ते वरून सूचना देत होते, पण त्या कुणी मनावर घेतल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावर कंडक्टरबाईंचा हात सुटायला लागला तेव्हा मास्तरांनी न बोलता आपला हात त्यांच्या हाताखाली घातला. मी बघितलं. कंडक्टरबाईंनीही बघितलं.

अकराला तीन मिनिटं असताना आम्ही आत शिरलो. चौघेही घामाने निथळत होते. अध्यक्ष आधी दचकले, मग हसले. सचिवांनी अविश्वासाचा ठराव वाचला आणि अध्यक्ष अगदी गोड आवाजात म्हणाले, ‘नियमाप्रमाणे ठरावाच्या बाजूने असलेल्यांनी उभं राहावं. जो उभा नाही, तो बाजूने नाही.’

मास्तरांना नियमांचं पुस्तक तोंडपाठ होतं. कंडक्टरबाई पंधरा वर्षं सदस्य. आणि तीन मजले धापा टाकत चढवताना एकालाही आठवलं नाही, की इथे मत उभं राहून देतात!

दहा जण उभे राहिले. सचिव मोजायला लागले.

नन्नाकाकांनी माझ्याकडे बघितलं. ‘सिस्टर, तू सांगशील तसं.’

पेशंट पडला, पट्टी निखळली, तर तो पुन्हा कधी चालणार नाही, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. त्या क्षणी मला अध्यक्षांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल. ऐंशी वर्षांच्या माणसाला हा खेळ खेळायला लावतात!

‘डाव्या पायावर,’ मी म्हणाले. ‘उजवा टेकवायचा नाही. मास्तर, कंडक्टरबाई, काखेत हात घाला. भार तुमच्यावर येऊ दे.’

‘ओ बाई!’ अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. ‘तुम्ही कर्मचारी आहात. सभागृहात बोलायचा तुम्हाला अधिकार नाही. उद्यापासून कामावर यायचं नाही!’

‘उद्या अध्यक्ष कोण आहे ते बघते,’ मी म्हणाले, ‘आणि मग ठरवते.’

काका उठले. ओठ पांढरे पडले होते, डावा पाय थरथरत होता, पण उभे होते. एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला कंडक्टरबाई.

‘धरून उभं केलेलं चालत नाही,’ अध्यक्ष म्हणाले. ‘दहा लिहा.’

सचिवांनी चष्मा पुसला. हा माणूस नऊ वर्षं खाली मान घालून सही करत आलेला. ते म्हणाले, ‘नियमात उभं राहावं एवढंच लिहिलंय, साहेब. कुणाला धरून, ते लिहिलेलं नाही. अकरा.’

काकांना मी झटकन बसवलं, पाय तपासला. पट्टी जागेवर होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

पण पाणी सुकायच्या आत सचिव म्हणाले, ‘आता नव्या अध्यक्षांची निवड,’ आणि मास्तर व कंडक्टरबाई एकाच वेळी पुढे सरसावले. सत्ताधाऱ्यांनी लगेच मावळत्या अध्यक्षांचंच नाव पुन्हा दिलं.

‘आधी प्रसूतिगृह,’ मी म्हणाले. ‘तुम्ही शब्द दिलाय.’

‘सिस्टर, ते पुढच्या सभेत घेऊ,’ मास्तर म्हणाले.

‘हो, आता जरा मोठे विषय आहेत,’ कंडक्टरबाई म्हणाल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, तेही मला टाळण्यावर.

‘मोठे?’ माझा आवाज चढला. ‘तुमची नातवंडं काय या सभागृहात जन्मली? चार दिवसांनी एखादी बाई बसमध्ये अडली, तर तिला काय सांगू, खुर्चीवर कोण बसणार ते अजून ठरायचं होतं म्हणून?’

तेवढ्यात नन्नाकाका म्हणाले, ‘मला घरी न्या. आताच.’

‘काका, निवड बाकी आहे!’

‘तुमची आहे. माझं काम झालं. मी गेलो की तुमचे दहा आणि त्यांचे दहा. मग बसा मोजत.’ त्यांनी चादरीची गाठ स्वतःच पोटाशी घट्ट केली. ‘नाहीतर या बाईचा ठराव आधी घ्या.’

मास्तरांनी कंडक्टरबाईंकडे बघितलं. मग दोघांनी सचिवांकडे.

‘सभागृहाची इच्छा असेल तर विषयांचा क्रम बदलता येतो,’ सचिव म्हणाले. ‘आणि काका, या वेळी हात वर केलात तरी चालेल. आता मला दटावायला अध्यक्ष नाहीत.’

ठराव दोन ओळींचा. मीच सांगितला आणि सचिवांनी लिहून घेतला. अकरा हात वर झाले, आणि पलीकडच्या बाकावरच्या एका सदस्यानेही, ज्याची सून सातव्या महिन्यात होती, मान खाली घालून हात वर केला. अध्यक्ष कोण यावर ते संध्याकाळपर्यंत भांडणार हे दिसतच होतं. काकांना खाली कसं न्यायचं, ते मी चौघांना दोनदा समजावून सांगितलं आणि निघाले. माझी ड्युटी दोनची होती.

प्रसूतिगृहात बाकावर एक पोटुशी बाई बसली होती. एक तारखेनंतर कुठे जायचं ते कागदावर लिहून द्या, बसवाल्यांना दाखवायला बरं पडेल, म्हणाली. मी कागद घेतला आणि त्यावर आमचाच पत्ता लिहून दिला.