म्होरकी

फेब्रुवारीत एक दिवस पाऊस पडला आणि रात्रीत सगळा माळ काचेसारखा गोठला. खाली गवत, वर बर्फाची कवची. जनावरांनी खुरांनी उकरून उकरून पाय रक्ताळून घेतले आणि उपाशी मेली. आमची शेहेचाळीस मेंढरं गेली, तिन्ही घोड्या गेल्या, दुभती गाय गेली. कझाक माणसाची जनावरं गेली की मागे फक्त त्याचं नाव उरतं.

जिल्ह्याचा साहेब आला. मढ्यांचे फोटो काढले, आमच्याच चुलीशी ऊब घेत आमचाच चहा प्याला आणि "कागद येईल" म्हणून गेला. माणसाला कळवळा नसेल तर निदान लाज तरी असावी.

माझा बाप, ओतेगेन, त्या दिवसापासून बोलेनासा झाला. मग एका संध्याकाळी म्हणाला, "शुक्रवारी ट्रक येतोय. अल्माटीला जायचं. बाजारात पोती उचलीन."

आईने कणकेतले हात बाहेर काढले नाहीत. आम्ही गेलो तर परत येणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी गाव दारात आलं. कुणी मेंढी आणली, कुणी शेळी. ज्याचं सगळं गेलं त्याला प्रत्येकाने एकेक जनावर द्यायचं, ही आमची जुनी रीत. तिला आम्ही 'ऊब' म्हणतो. त्यांची तरी कुठे धड वाचली होती!

बाप उंबऱ्यात आडवा उभा राहिला. "न्या परत. मी भिकारी नाही."

"मागच्या हिवाळ्यात माझ्या दारात मेंढी बांधून गेलास, तेव्हा मी भिकारी होतो काय रे?" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. बाप हसला नाही.

तेवढ्यात शेजारची बालझान आजी आली. एकटी विधवा, जिभेची तिखट. तिच्याकडे दोनच गुरं वाचली होती, एक म्हातारी गाय आणि एक गाभण कालवड. त्यातली कालवड घेऊन आली. बापाच्या हातात दोर देऊन वळलीसुद्धा.

"आजी, म्होरकी राहिली," बाप म्हणाला.

जनावर विका नाही तर दान करा, तोंडावरची म्होरकी आम्ही काढून घेतो. तिच्यात घरची बरकत असते. जनावर जावं, बरकत राहावी.

"राहिली नाही. ठेवलीय."

"अहो, तुमच्या घरची बरकत जाईल."

"जाईल की! चाळीस पावलांवर जाईल. माझ्या खिडकीतून दिसेल मला." तिने नाक पुसलं. "तू अल्माटीला गेलास तर मात्र नाही दिसायची. आता जा, नेतोस तर म्हातारीची बरकत ट्रकमध्ये घालून ने. गावाला तोंड दाखव मग."

बापाने म्होरकीच्या बकलाला हात घातला. बराच वेळ बोटं तिथेच होती. मग कालवडीला घेऊन तो गोठ्याकडे गेला, आणि आत गेल्यावर त्याच्या रडण्याचा आवाज आला. लोकांनी न विचारता आपापली मेंढरं आमच्या मेंढवाड्यात सोडली.

शुक्रवारी ट्रक आला. आईने ड्रायव्हरला चहा पाजून रिकामा परत पाठवला.

कालवड कधीच गाय झाली. ती म्होरकी गोठ्याच्या दारात, आजीच्या खिडकीतून दिसेल अशा खुंटीला आहे. रोजचं पहिलं दूध बालझान आजीकडे जातं, आणि ती रोज म्हणते, "पातळ आहे."