कायतानचा उजवा पाय

पवित्र गुरुवारी संध्याकाळी कोर्लईच्या चर्चमध्ये बारा माणसं रांगेनं खुर्च्यांवर बसतात आणि फादर गुडघे टेकून एकेकाचा उजवा पाय धुतात. प्रभूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. धर्म म्हणतो, हे नम्रतेचं काम. पण त्या बारांत नाव लागणं हा केवढा मान असतो ते कायतानला विचारावं. दरवर्षी यादी वाचली जायची, दरवर्षी तो कान टवकारून ऐकायचा आणि दरवर्षी ‘मला कुठं हौस हाय’ म्हणत घरी यायचा. यंदा, एकाहत्तराव्या वर्षी, त्याचं नाव लागलं. त्यानं नवी पँट शिवायला टाकली, आणि ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही बातमी सांगून झाली.

अडचण एकच होती, ती म्हणजे उजवा पाय. साखरेच्या आजारानं पायाची जाणीव कधीच गेली होती आणि गणपतीच्या सुमाराला अंगठ्याखाली जखम झाली ती भरेचना. डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल. बायको वारलेली, मुली लग्न होऊन वसईला, मुलगा सायमन रेवसच्या बोटीवर कामाला, तो आठवड्यातून एकदा घरी. उरली सून. दिपाली बोर्ली पंचतनकडची, कुणब्याची मुलगी. सायमननं तिच्याशी कोर्टात लग्न केलं तेव्हा कायताननं सहा महिने मुलाशी अबोला धरला होता.

त्या दिपालीनं अंगठा काढू दिला नाही. रोज सकाळी पाणी उकळून कोमट करायची, म्हाताऱ्याचा पाय मांडीवर घ्यायची, जखम धुवून पट्टी बांधायची. दर शुक्रवारी मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवायची. या सगळ्या वेळात कायतान खिडकीबाहेर बघत बसायचा. चांगला शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. वाईटही निघाला नाही, आणि एवढ्यानंच आपण मोठे उपकार केले असं त्याला वाटायचं.

जखम आता जवळजवळ मिटली होती. अजून पंधरा दिवस उकळलेल्याखेरीज दुसरं पाणी लावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिपाली म्हणाली की फादरना सांगून डावा पाय धुवून घ्यावा. कायतान उखडला. अकरा उजवे आणि याचाच डावा, म्हणजे गावाला हसायला निमित्तच.

आता गंमत बघा. फादर पाय धुणार म्हणून हे बाराही जण घरूनच पाय घासून, नखं कापून, पावडर लावून जातात. मळका पाय फादरांच्या हातात देणं म्हणजे घराण्याची अब्रू गेली. गुरुवारी सकाळी दिपाली बाजारात गेल्याची संधी साधून कायताननं पट्टी सोडली, टाचा घासायची वजरी घेतली आणि न्हाणीत बसून पाय घासायला लागला. दुखत काहीच नव्हतं, म्हणून घासत राहिला. खाली पाणी लाल झालेलं दिसलं तेव्हा त्याचा हात थांबला.

दिपाली आली तेव्हा तो पायाला टॉवेल गुंडाळून बसला होता. तिनं टॉवेल सोडला. ती ओरडली नाही. त्याच्यासमोर पहिल्यांदाच रडली, तेही आवाज न करता.

“सात म्हयने, मामा,” एवढंच ती म्हणाली, आणि पाणी तापवायला उठली.

त्या सकाळी कायताननं खिडकीबाहेर पाहिलं नाही. उकळत्या पाण्यानं भाजून काळी पडलेली तिची बोटं पाहिली. रक्त पुसताना त्याला दुखेल म्हणून ती फुंकर घालत होती, आणि खरं तर या पायाला काही कळत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. वीस वर्षं त्यानं गावातल्या पोरांना धर्मशिक्षण दिलं होतं. एकमेकांवर प्रीती करा, ही प्रभूची आज्ञा घोकून घेतली होती. ती प्रीती सात महिने त्याच्या पायाशी बसून होती, आणि हा माणूस बाहेरची माडाची झाडं मोजत होता. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. पण कायतान तो कायतानच. लाज ओसरते न ओसरते तोच त्याची मान ताठ झाली. अशी सून गावात दुसऱ्या कुणाच्या घरात आहे?

दिपालीनं पट्टी बांधली आणि म्हणाली, वरून मोजा घाला, म्हणजे कुणाला दिसणार नाही.

“झाकायचा कशाला?” कायतान म्हणाला. “आन् आज तू बी चल. दरवेळेसारखं चर्चच्या पायरीवर न्हाय थांबायचं, आत यायचं.”

संध्याकाळी फादर चार पाय धुवून पाचव्या खुर्चीपाशी आले. समोर पांढरी पट्टी. त्यांनी हळूच सांगितलं की डावा पाय पुढे करा, काही हरकत नाही.

“नको, फादर.” कायतानचा आवाज कधी हळू निघालाच नव्हता. “माझा पाय सकाळीच धुवून झालाय.”

फादरांनी मान वर करून विचारलं, “कोणी धुतला?”

“आमच्या दिपालीनं. सात म्हयने रोज धुतेय. ती बघा, मागं बसलीय.”

सगळ्या माना मागे वळल्या. दिपालीनं ओढणी तोंडाशी धरली, कुठं बघावं ते तिला कळेना. फादर गुडघ्यांवरूनच तिच्या दिशेनं मान लववून पुढच्या खुर्चीकडे सरकले.

त्या संध्याकाळी अकराच पाय ओले झाले. कायताननं मात्र आपला पाय मागे घेतला नाही. फादर शेवटच्या खुर्चीपाशी पोहोचेपर्यंत तो पट्टीसकट तसाच पुढे धरून ठेवला, मागच्या बाकांनाही नीट दिसेल असा.