मुसळाचे तीन

नियम १७. ज्या शस्त्राचा सराव आहे, ते चालवताना फाशावरच्या आकड्यात तीन मिळवावेत.

इथवर ठीक. खेळ साधा आहे. निरंजन गोष्ट सांगतो, राक्षस त्याचे. यशदीप आणि मी एकेक पात्र चालवतो. वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि कोण वाचलं ते बघायचं. रायपूरहून नव्या राजधानीला जाणाऱ्या स्टाफ बसची मागची सीट, फासा डब्याच्या झाकणात. माझी कलावती भात कांडणारी, हाती मुसळ. दोन वर्षं जगली, आठव्या पायरीवर पोचली. मेली की संपली. मग पहिल्या पायरीवरून दुसरं कुणीतरी.

नियम १७ (क). हाताला लागलेली वस्तू शस्त्र नव्हे. तिला तीन नाहीत.

हा दिवाळीनंतर आला. निरंजनने सुट्टीत खेळाच्या नियमांचं पुस्तक वाचलं होतं. तो आवक-जावक विभागात आहे. शिक्का नसेल तर सख्ख्या आईचं पत्रही परत पाठवेल. दोन वर्षं हेच मुसळ चाललं, असं मी म्हटलं. ती चूक होती म्हणाला, जुनी प्रकरणं उघडत नाही हे उपकार समजा. मी त्याच पुस्तकातली ओळ दाखवली: वस्तू शस्त्रासारखी असेल तर शस्त्रच धरावी. यादीत सोटा होता.

"सोटा माराले असते, दीदी. मुसळ धान कांडाले. उद्देश पाहा लागते," निरंजन म्हणाला. मग कलावतीचं अनुभव प्रमाणपत्र मागितलं. थट्टा नव्हती. त्याला थट्टा येत नाही.

मी मंजुरीसाठी नोटशीट लिहून दिली. वीस वर्षं कांडते, हात बसलेला आहे, वगैरे. ती त्याने बॅगेत घातली. त्याच संध्याकाळी यशदीपच्या सैनिकाने राक्षसाला खुर्ची फेकून मारली आणि त्याला तीन मिळाले. मी काहून विचारलं.

"सैनिक आहे ना तो. त्याचा हात चालते."

नियम १७ (क), स्पष्टीकरण. सैनिकाने उचललेली खुर्ची ही

पुढे काही नाही. एवढं लिहून झालं आणि त्याचा स्टॉप आला.

बुधवारी राक्षसाचा जीव एका घावापुरता उरला होता. घाव लागायला पंधरा हवे होते. मला तेरा पडले.

"तेरा. नाही लागला," निरंजन म्हणाला, आणि राक्षसाची पाळी घेतली. तेलीबांध्याचा स्टॉप यायच्या आत कलावती मेली.

गुरुवारी नोटशीट परत आली. मंजूर. मुसळ सोट्यासमान मानावे. आजपासून लागू.

यशदीपच्या सैनिकाने कलावतीच्या हातातून मुसळ काढून घेतलं. त्याला बारा पडले. अधिक तीन. राक्षस कोसळला, आणि ज्याचा राक्षस होता तो निरंजनच टाळ्या वाजवू लागला.

"दीदी, आपकी नोटशीट काम आ गई," यशदीप मोठ्या प्रेमाने म्हणाला.

निरंजनने कोरा कागद पुढे केला. पहिल्या पायरीवर एक जागा रिकामी आहे, स्वयंपाकीण टाकू का, असं विचारलं.

"तुझ्याच आईले टाक," मी म्हटलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

मागे दुसरा राक्षस दारात आला होता. कलावतीचं प्रेत उचलून त्याला हाणलं तर तीन मिळतील का, असं यशदीप विचारून राहिला होता. निरंजन पान शोधत होता.