गर्द निळ्या भिंतीवरचा चुना

रंग मीच निवडला होता, त्यामुळे खापर माझ्याच डोक्यावर फुटणार हे ठाऊक होतं. पिंपळगाव राजात घराला आतून गर्द निळा रंग कोणी दिला नव्हता. मी दिला. भिंती निळ्या, चौकटी निळ्या, दारंही निळीच. मोबाइलवर पाहिलं होतं अगदी तसं. शेजारणी बघायला आल्या आणि "दिवसाच लाइट लावा लागते वो!" म्हणून नाकं मुरडून गेल्या. त्यांचं मला काही वाटलं नाही. मामाजींचं वाटलं.

मामाजी म्हणजे उकंडराव, माझे सासरे. या घरात माझी बाजू घेणारा एकच माणूस. "होऊ दे तिच्या मनासारखं," असं माझ्या नवऱ्याला, गजेंद्रला, त्यांनीच सांगितलं होतं. आणि रंग वाळला तसं त्यांनी घरात बसणं-उठणंच सोडलं. जेवण ओसरीवर, झोपणं ओसरीवर. आत आले तर कपडे घ्यायला तेवढे, तेही लगेच बाहेर.

"मामाजी, रंग नाही आवडला काय तुम्हाले?"

"चांगला हाय ना वो."

"मंग आत काऊन बसत नाही?"

"इथं हवा लागते."

भर थंडीत कसली आलीय हवा? मला काही उमजेना. रागावलेत म्हणावं तर बोलणं गोड, नाहीत म्हणावं तर घरात थांबत नाहीत. एवढा मायेचा माणूस माझ्या हौसेपायी तुटला की काय?

त्यात भिंतीवर चुना दिसू लागला. तंबाखू मळल्यावर अंगठ्याला उरतो तो चुना. दाराच्या कडेला, लाइटच्या बटनाजवळ, मामाजींच्या खोलीच्या चौकटीवर पांढरे ठिपके. मी पुसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"बोट पुसत असतीन," गजेंद्र म्हणाला. "जुनी सवय हाय त्यायची. पांढऱ्या भिंतीवर कोणाले दिसत होतं?"

पटलं. पण अख्खी भिंत सोडून दर वेळी तीच जागा कशी? मुद्दाम करताहेत? तोंडानं गोड बोलून राग असा काढताहेत? मग मीही चिडले. हौसेनं रंगवलेल्या घराची ही गत! ओला फडका हाताशीच ठेवू लागले.

काल दुपारी सगळे ठिपके पुसून काढले, तेवढ्यात मामाजी आत आले. लाइट लावलेली नव्हती. मी भिंतीला टेकून तशीच उभी राहिले. म्हटलं, आज समोरासमोर विचारतेच. ते माझ्याच दिशेनं आले आणि भिंतीवर हात फिरवू लागले. वर, खाली, पुन्हा वर. त्यांच्या खोलीचं दार उजवीकडे होतं. हात मात्र डावीकडेच चाचपडत राहिला.

"सकायीच तर लावला होता," ते स्वतःशीच पुटपुटले. "कोण पुसून टाकते बा रोज रोज?"

माझ्या हातातला फडका गळून पडला. तोंडावर हात दाबला तरी हुंदका फुटलाच.

मामाजी दचकले. माझ्या चेहऱ्यासमोर चेहरा आणून त्यांनी विचारलं, "कोण हाय?"