अर्धा उचललेला दांडा

थांबा जरा. जन्मभर तुम्हाला थांबवलं आणि त्यापायी तुमच्या शिव्या खाल्ल्या, आज एवढं शेवटचं थांबा. मी रेल्वे फाटकाचा दांडा बोलतोय. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, लांबलचक, अंगानं ताठ आणि स्वभावानंही ताठच. सध्या स्टेशनमागच्या आवारात भंगाराच्या ढिगाशेजारी आडवा पडलोय. अंगावर कुणीतरी खडूनं 'सदोष' असं लिहून ठेवलंय. भंगारात पडल्याचं मला दुःख नाही, लोखंड कधीतरी भंगारात जायचंच. पण तो शब्द मला सोसवत नाही.

माझा जन्म रेल्वेच्या कारखान्यातला. एक लांब नळी कापली, घासली, एका टोकाला जड वजन बांधलं, झालो मी तयार. रंगाऱ्यानं पट्टे ओढले, मागे सरून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "सरळ आहे." माझ्याबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि मी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

माझं काम सोपं. केबिनमधला फोन वाजला की आगगाडी सुटल्याचं कळायचं. मग फाटकवाला घंटा सुरू करायचा आणि चाक फिरवायचा. चाक फिरलं की मी खाली, उलटं फिरलं की मी वर. चाक फिरल्याशिवाय मी तसूभरही हलत नाही. हे तेवढं ध्यानात ठेवा, कारण पुढे ज्यांनी ध्यानात ठेवायला हवं होतं ते सगळे विसरले.

माझा पहिला फाटकवाला म्हातारा आणि महाखट होता. एकदा खुद्द त्याच्या साहेबांची मोटार अडली. साहेबांनी काच खाली करून सांगितलं, "उचला हो, आगगाडी अजून लांब आहे." म्हातारा म्हणाला, "साहेब, नियम तुमचाच आहे. मी फक्त चाक फिरवतो." साहेब मुकाट्यानं बसून राहिले. तो म्हातारा कामावर असताना माझी मान नेहमी ताठ असायची.

फाटकाशी थांबलेली माणसं मी फार जवळून पाहिली. घाई सगळ्यांनाच असते, पण आगगाडी गेल्यावर पुढच्या वळणावर गप्पा मारत उभे राहणारेही तेच. कुणी आरशात केस नीट करतं, कुणी शेजारच्या गाडीवाल्याला उगाच वेळ विचारतं. सायकलवाले माझ्याखालून वाकून जातात आणि जाताना मलाच शिवी हासडतात. तरी पाय दुखले की टेकायला मीच लागतो.

म्हातारा निवृत्त झाला आणि एक तरणा फाटकवाला आला. यानं मला जीव लावला, खोटं कशाला बोलू. दर आठवड्याला सांध्यांना वंगण घालायचा, धूळ पुसायचा. दुपारी वर्दळ नसली की स्टूल टाकून माझ्याशी बोलत बसायचा. म्हणायचा, "इथं आपण दोघंच रे. बाकी सगळे येणारे-जाणारे." मला ते खरं वाटलं होतं.

त्याची थोरली बहीण फाटकापलीकडच्या गल्लीत राहायची. तिच्या नवऱ्याला तो दाजी म्हणायचा, म्हणून मीही दाजीच म्हणतो. दाजींची स्वतःची व्हॅन होती आणि ती शाळेच्या मुलांची ने-आण करण्यासाठी लावलेली. माणूस असा की रस्ता मोकळा असला तरी रेषेच्या आत थांबायचा, इंजिन बंद करायचा आणि तेवढ्यात फडक्यानं समोरची काच पुसून घ्यायचा. साऱ्या आयुष्यात एकदाही दंडाची पावती फाडली गेली नाही, याचा त्यांना मोठा अभिमान. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

"काय मेहुणे, आज किती जणांना अडवलंत?" असं ते व्हॅनमधूनच विचारायचे.

"तुम्हाला अडवायची छाती नाही दाजी," हा केबिनमधून म्हणायचा. "ताई जेवायला वाढणार नाही."

आणि इथूनच ती खोड सुरू झाली. हाताखाली कुणी नाही, वर साहेबांची रांग, अशा माणसाला मान दाखवायला फक्त माझं चाक होतं. घंटा वाजून मी खाली आलेलो असायचो, पण आगगाडी लांब असायची. मागे दाजींची व्हॅन दिसली की हा मला अर्ध्यावर उचलायचा आणि हातानं खुणावायचा, "या, या." पहिल्या वेळी दाजींनी मान हलवून नको म्हटलं. झालं. मेहुणा रुसला. बहिणीच्या घरी जाणं बंद केलं. शेवटी ताई नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्या एका नकोपायी माझा भाऊ दारात येईना."

त्यानंतर दाजींनी कधी नकार दिला नाही. मुलं गाडीत असली तर मात्र ते रेषेच्या आतच थांबायचे, मग मेहुणा कितीही हात हलवू दे. पण रिकामी व्हॅन असली की मान खाली घालून माझ्याखालून जायचे. नियम मोडताना माणसं घाबरतात असं मी ऐकून होतो, दाजी लाजायचे. मला ते अर्धं उचललं जाणं मुळीच आवडायचं नाही. पण चाक त्याच्या हातात होतं.

त्या दिवशी दुपारी दाजी मुलांना सोडून परत येत होते. घंटा वाजत होती, मी अर्ध्यावर होतो, मेहुण्याचा हात हलत होता. व्हॅन रूळ ओलांडून पलीकडे गेली आणि टायरच्या दुकानाच्या सावलीतून, जिथून मी दिसत नव्हतो, एक हवालदार पुढे आला. नवीनच बदलून आलेला. व्हॅन बाजूला घेतली गेली. तिकडे गणवेश दिसताच इकडे चाक गरकन फिरलं. इतक्या झटक्यानं मी कधीच खाली आपटलो नव्हतो.

"घंटा वाजत होती की नाही?" हवालदारानं विचारलं.

"वाजत होती. पण दांडा वर होता साहेब."

"घंटा वाजतेय आणि दांडा वर. म्हणजे फाटक काय तुमची वाट बघत होतं?"

आगगाडी धडधडत निघून गेली, मग दोघं केबिनपाशी आले. हवालदारानं फाटकवाल्याला विचारलं, दांडा कुठे होता. माझा फाटकवाला खिडकीची चौकट धरून उभा होता.

"खालीच होता साहेब," तो म्हणाला. "घंटेबरोबर टाकला मी. यांनी कडेनं घातली असेल, माझी पाठ होती."

"ओळखता का यांना?"

"येणारे-जाणारे पुष्कळ असतात साहेब. कुणाकुणाला ओळखणार?"

दाजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मेहुणा आहे हे सांगायला एक शब्द पुरला असता. तो त्यांनी गिळला आणि पावती घेतली. हवालदारानं लायसन्स ठेवून घेतलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी डोळ्यांदेखत पाहिलं आणि मला इतका राग आला की वजन सुटून त्याच्या अंगावर पडावं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मला वंगण घालताना तो पुटपुटत होता. "काय करणार होतो रे? खरं बोललो असतो तर नोकरी गेली असती. दाजींना काय, एक पावती तर आहे." पण ती नुसती पावती नव्हती. शाळेचा नियमच होता, रेल्वे फाटकावर गुन्हा केलेल्या माणसाच्या हाती मुलं द्यायची नाहीत. पावती कायम झाली की दाजींची गाडी शाळेला कायमची बंद. हे त्यालाही ठाऊक होतं. ते तो वंगणाबरोबर पुसून टाकत होता.

मग एका सकाळी ताई आल्या. केबिनच्या पायरीवर चढल्या नाहीत, खालूनच बोलल्या.

"तुझे दाजी म्हणतात दांडा वर होता. तू म्हणतोस खाली होता. दोघांतला एक खोटं बोलतोय आणि दोघंही माझेच. मी ऐकू कुणाचं?"

म्हणजे दाजींनी घरी खुणावलेल्या हाताबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ओळख नाकारल्याचंही नाही.

"ऊन होतं ताई," हा म्हणाला. "नसेल दिसलं दाजींना."

"ज्याला दांडा दिसत नाही त्याच्या हातात लोक पोटची पोरं देत होते होय? ये एकदा घरी, बघ त्यांना. रोज सकाळी उठून गाडी पुसतात. जायचं कुठेच नसतं."

तो गेला नाही. फोन वाजला आणि त्याला बरं वाटलं, एवढं मला दिसलं.

दाजी मात्र स्वस्थ बसले नाहीत. लायसन्सच्या कचेरीत जाऊन एवढंच म्हणाले, "माझी व्हॅन दांड्याच्या कडेनं जाईल इतकी जागाच नाही. येऊन मोजा." ते म्हणणं खरं होतं, आणि कुणाचं नावही त्यात नव्हतं.

म्हणून एके दिवशी कचेरीतल्या एक बाई टेप घेऊन आल्या, बरोबर रेल्वेचा इंजिनिअर. बाईंनी मला खाली टाकायला लावलं आणि माझ्या टोकापासून खांबापर्यंत स्वतः माप घेतलं. मग व्हॅनची रुंदी मोजली.

"इथून सायकल जाईल," त्या म्हणाल्या. "व्हॅन जायची नाही. म्हणजे दांडा वर होता."

सगळ्यांचे डोळे केबिनकडे वळले. बोल बाबा, मी मनात म्हणत होतो, आता तरी बोल. दाजींनी तुझं नाव घेतलेलं नाही, तूच सांग.

तो खाली उतरला आणि त्यानं माझ्यावर हात ठेवला. "साहेब, दांड्यातच दोष आहे. मधेच आपोआप वर जातो."

इंजिनिअरनं मला दाबून पाहिलं, हलवून पाहिलं. मी सगळं वजन एकवटून जागच्या जागी राहिलो. "आता तर हलत नाही."

"वारा सुटला की जातो. मी कळवणारच होतो."

वड्याचं तेल वांग्यावर निघावं, तसा तो दोष माझ्यावर आला. तरी मला आशा होती, कारण बाई दाजींकडे वळल्या होत्या. "तुम्ही गेलात तेव्हा चाक कुणी फिरवत होतं का?"

दाजींनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याची मान खाली होती. खरं बोलून दाजींना सुटता आलं असतं, पण मेहुणा बुडाला असता. खोटं बोलून दोघंही सुटत होते. बुडणारा मी एकटाच, आणि मी काही कुणाचा मेहुणा नव्हतो.

"नाही मॅडम," दाजी म्हणाले. "आपोआपच गेला."

पहिल्याकडून घाव बसला तेव्हा राग आला होता. या दुसऱ्या घावानं मात्र मी आतून वाकलो. ज्या माणसासाठी माझा जीव तुटत होता, त्यानंही मलाच पुढे केलं.

पावती रद्द झाली. लायसन्स परत मिळालं, व्हॅन शाळेला लागली. फाटकवाल्याला यापुढे बिघाड वेळेवर कळवत जा अशी ताकीद मिळाली. माझ्या जागी विजेवर चालणारा नवा दांडा मंजूर झाला.

मला उतरवायला मिस्त्री आला त्या दुपारी ताई व्हॅनमधून आल्या. फाटकवाल्याची पाळी संपत होती, त्याला जेवायला घेऊन जायला त्या नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. चेहरा उजळलेला. खाली उतरून थेट माझ्यापाशी आल्या आणि मला एक सणसणीत चापट मारली.

"मेल्या, घर मोडायला निघाला होतास माझं. मी म्हणतच होते, माझी माणसं खोटं बोलायची नाहीत."

दोन्ही पुरुष दोन बाजूंना उभे. एकमेकांकडे बघत नव्हते.

मिस्त्री खाली बसून पान्यानं बोल्ट सोडवत होता. त्याला कुणाचं काही माहीत नव्हतं. तो सहज म्हणाला, "अहो, हे तर सगळं घट्ट आहे. चाक फिरवल्याशिवाय हा वर जाईलच कसा?"

ताईंचा हात माझ्यावरच होता. तो थबकला. त्यांनी आधी भावाकडे पाहिलं, त्यानं मान वळवली. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"जायचा," दाजी म्हणाले. "मी स्वतः पाहिलंय."

ताईंच्या हाताची बोटं हळूहळू गार पडत गेली, ते मला कळत होतं. मग त्यांनी हात काढून घेतला आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "बरं. मग दांडाच खोटा. चला, जेवण निवतंय."

तिघं एका व्हॅनमध्ये बसून गेले.

आता जा तुम्हीही, तुमची वाट अडवून धरणं मला शोभत नाही. त्या तिघांना काही बोलू नका, त्यांना एका ताटाशी बसायचं आहे. पण दुसऱ्या कुठल्या फाटकाशी तुम्ही थांबलात आणि कुणी म्हणालं की इथला जुना दांडा आपोआप वर जायचा, तर एवढं सांगा, की चाक माणसानं फिरवलं होतं.