सुभद्राबाईंच्या सैपाकघरातली जपानी जाळी

मित्रांनो, या राधाकिशनला कुणीतरी सांगा! पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली, वाटीत लाल हिंगूळ उरला, तर हा बाबा शिडी लावून थेट माझ्याकडे आला. मी काय त्याचा बैल आहे?

मी जपानची जुनी, नक्षीची लाकडी जाळी. वय विचारू नका. मला कोरणाऱ्याचा नातूसुद्धा आता म्हातारा झाला असेल. त्यानं एका अखंड फळीतून दोन करकोचे उडवले. पिसापिसांत जोंधळ्याचा दाणा जाईल एवढी फट ठेवली. रंग मात्र लावला नाही. आमच्याकडे जपानात असल्या जाळ्या दाराच्या वर बसवतात, वारा खेळता राहावा म्हणून.

धारूरचे सुंदरराव मुंबईत कापूस विकायला गेले, तेव्हा तिथल्या जपानी व्यापाऱ्यानं मला त्यांना भेट दिलं. बार्शीपर्यंत आगगाडी, पुढं बैलगाडी. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावरचा कारकून मला उलटीपालटी करून दमला. "ये दरवाजा है या परिंदा?" सुंदररावांनी मुकाट जकात मोजली. पुढं काय वाढून ठेवलंय ते मला कळेना, पण बघायची हौस दांडगी!

घरी त्यांच्या पत्नी सुभद्राबाईंनी मला बोटांनी चाचपलं. "अगं बया, हे तर आपल्या हरभऱ्यात उतरतेत ते करकोचे!" आणि बैठक सोडून त्यांनी मला सैपाकघराच्या दारावर बसवलं. चुलीच्या धुरानं त्यांचे डोळे अधू होत चालले होते. तो धूर माझ्या पिसांतून अंगणात जाऊ लागला. मी काळी पडले, पण बाईंना भाकरीचा पापुद्रा दिसू लागला. एवढा मान मला जपानातही मिळाला नव्हता.

पुढं सुंदरराव गेले. आणि आता हा त्यांचा लेक राधाकिशन! एका करकोच्याच्या डोक्यावर त्यानं हिंगूळ थापला. गंमत बघा, आमच्याकडच्या करकोच्याच्या डोक्यावर लाल टिकली असतेच. तेवढं त्याला नकळत जमलं. पण मग कुंचला पंखांकडे वळला. दोन फटी बुजल्या, चार बुजल्या. खाली पुरण शिजत होतं. धूर माघारी फिरला.

सुभद्राबाई पदरानं डोळे पुसत उठल्या. "काय करायलास रे?"

"लई काळी पडली हाय, माय. लालभडक करतो. लोक बघत ऱ्हातील."

"लोक बघतील. मला दिसंना त्याचं काय? उतर खाली."

त्यांनी गोधडीची सुई त्याच्या हातात ठेवली.

"रंग वला हाय तवर एक एक फट मोकळी कर. आन् मग चुलीफुडं धुरात बस. आजच्या समद्या पोळ्या तू लाटायच्या, तूच भाजायच्या. त्यावर बी रंगवायची हौस उरली, तर खुशाल रंगव."