एकनाथरावांच्या सदऱ्यावरून

मी कॉलरला लावायचा माईक बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच ऐकत आलो. पण परवापासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून आज तोंड उघडलं.

माझी मालकीण प्रियदर्शिनी, हैदराबादच्या नल्लकुंट्याची. मला नवाकोरा आणला तेव्हा ती माहितीपट करायची. म्हणजे जे आहे ते तसंच टिपायचं. अफझलगंजच्या अत्तरवाल्यांपासून मलकपेठच्या घोडेवाल्यांपर्यंत कितीतरी छात्यांवर मी बसलो. यंदा बाईसाहेबांना नवं खूळ लागलं, मॉक्युमेंटरीचं! दिसायला हुबेहूब माहितीपट, मुलाखती तशाच, हलता कॅमेरा तसाच, पण गोष्ट सगळी रचलेली. विषय काय, तर ‘हैदराबादचा शेवटचा मराठी बोलणारा माणूस’. आता बोला!

नट ऐन वेळी आलाच नाही. मग तिनं शेजारच्या एकनाथरावांना गाठलं. ते मराठीचे निवृत्त शिक्षक. “काका, छोटा इंटरव्ह्यू पाहिजे, बस,” एवढंच म्हणाली. गोष्ट रचलेली आहे, हे सांगितलंच नाही. बिचारे इस्त्रीचा सदरा घालून बसले. ‘इथले शेवटचे मराठी बोलणारे तुम्हीच ना?’ असं तिनं विचारताच उसळले.

“शेवटचा कसला? आमच्या घरात सून, नातू, सगळे शुद्ध मराठी बोलतात!”

तेवढ्यात आतून नातू तेलुगूत ओरडला, “तातय्या, चार्जर एक्कड?” काका नुसतेच खोकले.

“एकदम कडक सीन!” घरी येऊन प्रियदर्शिनी हसत सुटली. मला मात्र चैन पडेना. रविवारी हा सिनेमा दाखवायचा होता तो काकांच्याच जुन्या विद्यार्थ्यांसमोर. मास्तरांचं हसं होणार! अगं बाई, सांग त्यांना, म्हणून मी खूप खरखर केली. तिनं माझी बॅटरी बदलली.

शेवटी काल तिलाच राहवलं नाही. काकांकडे जाऊन तिनं सगळं कबूल केलं; कॅमेरा आणि मी तिच्या पिशवीत होतोच. त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे माझी थट्टा केलीस होय गं?”

“सॉरी काका. तो सीन काढून टाकते.”

त्यांनी सदऱ्याची कॉलर नीट केली. मग म्हणाले, “सगळं खोटंच आहे ना? मग लाव तो माईक.”

मी पुन्हा त्यांच्या सदऱ्यावर.

“घरात माझ्याशी मराठीत कुणी बोलत नाही, पोरी. सून गुणाची आहे, पण तिला येत नाही. मुलाला वेळ नाही. दुपारी मी एकटाच मोठ्यानं पेपर वाचतो. आपली भाषा कानावर पडावी म्हणून.”

डोळे पुसून म्हणाले, “हाच तुकडा घे. आणि खाली लिही, यातलं सगळं काल्पनिक आहे.”

रविवारी तशी पाटी पडद्यावर येणार आहे. मायबाप प्रेक्षकहो, मला हात जोडता येत नाहीत, पण एवढं ऐका. त्या पाटीवर विश्वास ठेवू नका.